वांझोटा : एका विशेषणाचा शोध

राजुऱ्याहून कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गडचांदूर लागते. भोवतालच्या जमिनीखाली पैनगंगा समूहातला अतिप्राचीन चुनखडक आहे आणि तो काढून, भाजून, दळून सिमेंट करणाऱ्या कारखान्यांवर या गावाचा गेल्या चाळीस वर्षांचा संसार चालला आहे. दक्षिणेला जिवतीचे डोंगर, त्यात माणिकगड. अधूनमधून कोलामांचे गुडे, गोंडांची गावे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. अशाच एका दुपारी एका परिचित प्राध्यापकाची वाट पाहत आम्ही सावलीला उभे असताना समोरच्या भिंतीवरच्या दोन पाट्यांनी आमचे लक्ष वेधले. पहिली जुनी, हाताने रंगवलेली : संतान नसलेल्या ‘बहिणींनी’ निराश होऊ नये, अमुक ठिकाणी भेटावे. दुसरी नवी, छापील : येथे ड जीवनसत्त्वाची तपासणी होते. उन्हाने तावून निघालेल्या गावात उन्हापासून मिळणाऱ्या द्रव्याची तूट मोजली जाते, हा एक विरोधाभास. दुसरा मात्र आम्हाला अधिक सलला. मूल नसण्याच्या दुःखाला पाटी रंगवणाऱ्याने आपोआप स्त्रीलिंग बहाल केले होते, आणि ते वाचून आम्ही सोडून कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. खरे तर पहिल्या वाचनात आम्हालाही वाटले नाही.

आम्ही भाषेची माणसे. म्हणून प्रश्न प्रथम भाषेलाच विचारला. ‘वांझ’ हे विशेषण मराठीत बाईला लागते, गाईला लागते, झाडाला आणि जमिनीलाही लागते. पुरुषाला लागत नाही. ‘वांझोटी’चे ‘वांझोटा’ हे पुल्लिंगी रूप व्याकरणाने सिद्ध आहे आणि रोजच्या वापरातही आहे, पण ते कशाला लागते पाहा : वांझोटा वाद, वांझोटा संताप, वांझोटा उपदेश. माणसाला ते लावलेले आम्ही कधी ऐकलेले नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते वेगळेच काही सांगतात. ‘नपुंसक’, ‘षंढ’, ‘क्लीब’ हे शब्द समागमाच्या अक्षमतेचे, आणि त्याहून अधिक भ्याडपणाचे. ‘निपुत्रिक’ हा शब्द दोषाचा नव्हेच. तो वारसाहक्काचा शब्द आहे, जमाखर्चाच्या वहीतला. समागमास पूर्ण समर्थ, अंगाने धडधाकट, पण ज्याच्या वीर्यात गर्भ राहण्याइतके सजीव बीज नाही, असा पुरुष मराठी बोलीत अस्तित्वातच नाही. जो शब्दात नाही त्याची तपासणी कोण करणार?

हे अज्ञान फार जुने आहे असे मानण्याकडे आपला कल असतो. पण तसे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात स्त्रीच्या योनिव्यापदांबरोबरच शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत आणि क्लैब्याची चार कारणे दिली आहेत : बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. बीजाचा बिघाड आणि इंद्रियाची अक्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्या वर्गीकरणात स्वच्छ दिसते. नारदस्मृती तर विवाहापूर्वी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा करायला सांगते आणि षंढांचे चौदा प्रकार मोजते. काही प्रकारांत पत्नीने ठराविक काळ वाट पाहावी, काहींत पाहूच नये, असा तिचा निवाडा. मात्र समाजाने व्यवहारात कोणता ग्रंथ उचलला हे आपण जाणतोच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाप्रमाणे वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षी, जिची मुले जगत नाहीत तिच्यावर दहाव्या वर्षी आणि जिला मुलीच होतात तिच्यावर अकराव्या वर्षी सवत आणता येते. नारदाने पुरुषासाठी ठेवलेली परीक्षा मागे पडली. मनूने स्त्रीसाठी घातलेली मुदत लक्षात राहिली.

महाभारताचे तसे नाही. ती कथा उभीच राहते ती पुरुषांच्या अपत्यहीनतेवर. विचित्रवीर्य दोन राण्या मागे ठेवून क्षयाने मरतो. त्याच्या क्षेत्रात बीज दुसऱ्याचे. पांडू शापामुळे पत्नीजवळ जाऊ शकत नाही. त्याचेही पाचही पुत्र देवांचे. पांडवांच्या वंशवृक्षावर पांडूचे नाव आहे आणि रक्त नाही, हे व्यासांनी लपवलेले नाही. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये धर्माचा पिता विदुर असावा असा जो तर्क मांडला, तो मांडता आला तो मूळ कथेतल्या या मोकळेपणामुळेच. आणि या साऱ्याच्याही आधी, कुमारी कुंतीला पुत्र देणारा देव कोण, तर सूर्य. ऊन आणि संतती यांची गाठ आपल्या कल्पनेत अशी फार पूर्वी पडलेली आहे. श्रावणातल्या आदितवारी वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणीही याच गाठीची एक साधी, घरगुती आवृत्ती. नियोगाचा विषय मराठीत पुन्हा उघडपणे आला तो थेट २००३ साली, अमोल पालेकरांच्या ‘अनाहत’ चित्रपटात. आणि तोही मुळात सुरेंद्र वर्मांच्या हिंदी नाटकावर बेतलेला.

‘निपुत्रिक’ या शब्दाने प्रत्यक्ष इतिहासात काय केले, हे पाहायला चंद्रपूर जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर गेले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले. रघूजींना औरस पुत्र नव्हता आणि हयातीत त्यांनी विधिवत दत्तकही घेतलेला नव्हता. राजघराण्यातल्या वयोवृद्ध बांकाबाईंनी दत्तकासाठी जी शिकस्त केली ती डलहौसीपुढे चालली नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य बुडाले, त्याबरोबर चांदा इंग्रजी अमलाखाली गेला, आणि वाड्यातले जडजवाहीर, हत्तीघोडे लिलावात निघाले. वर्धा नदीच्या पलीकडचा राजुरा-गडचांदूरचा मुलूख तेवढा निजामाचा राहिला; तो १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. एका वाड्यात पाळणा हलला नाही म्हणून नदीच्या एका काठाचा धनी बदलला. त्या राजांचे वैद्यकीय निदान आज करत बसणे हा पोरकटपणा होईल आणि आम्ही तो करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या राजकीय उलथापालथीत दत्तकाचे शास्त्र, करारांची कलमे, राण्यांचे अधिकार यांवर रिमेच्या रिमे कागद खर्ची पडले. मूल का नव्हते हा प्रश्न मात्र उपस्थितच झाला नाही. तो उपस्थित करण्याची भाषा कोणाकडेच नव्हती, साहेबाकडेही नाही. वास्तविक लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने १६७७ मध्येच भिंगाखाली वीर्यातले वळवळणारे जंतू पाहिले होते.

ही भाषा घडू लागली ती १९२० च्या आसपास, आणि तीही तीन-चार ठिकाणी एकाच वेळी, एकमेकांना पत्ता नसताना. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेली मुले जंबुपार किरणांच्या दिव्याखाली बसवून बरी केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी कुत्र्याच्या पिलांना आहाराने मुडदूस आणून कॉड माशाच्या तेलाने तो घालवत होता. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककोलमने त्या तेलातला मुडदूस हटवणारा घटक अ जीवनसत्त्वापासून वेगळा असल्याचे दाखवले. पुढे त्याचे नाव ‘ड’ पडले. आता आपल्याकडचे पाहा. त्याच १९२२ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात हचिसन आणि शाह यांचा मुडदुसावरचा निबंध आला. त्याची भूमी होती नाशिक. त्यांना आढळले असे की, पडदा पाळणाऱ्या, चौसोपी वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायकामुलांत हा आजार होता, आणि त्यांचे खाणे तर चांगले होते. उलट शेतावर राबणाऱ्या, निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या कुटुंबांतली मुले त्यातून सुटली होती. श्रीमंतीने दुधातुपाची सोय केली आणि उन्हाची वाट बंद केली. मराठी सामाजिक कादंबरीच्या अभ्यासकांनी हा निबंध एकदा तरी वाचावा असे आम्हाला फार वाटते. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतल्या माजघरांचा काळोख आपण आजवर रूपक म्हणूनच वाचत आलो. तो हाडांतही उतरत होता.

त्या काळी ड जीवनसत्त्वाचा आणि पुरुषबीजाचा संबंध कोणी जोडला नव्हता. प्रजननाचे जीवनसत्त्व म्हणून मान मिळाला तो ‘ई’ला. तेही १९२२ चेच. कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून ते सापडले, आणि पुढे त्याला ‘टोकोफेरॉल’ हे नाव मिळाले त्यात बाळंतपणाचा ग्रीक शब्द आहे. उंदरावरून माणसावर उडी मारायला औषधविक्रेत्यांना कधीच फार वेळ लागत नाही.

या सगळ्या गदारोळात मुंबईत एक गणिताचे प्राध्यापक होते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सने केंद्र उघडले त्याच वर्षी, संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक काढले, १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गमावली आणि १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक काढला. तो अंक पुढे सव्वीस वर्षे, त्यांच्या मृत्यूपर्यंत, निघत राहिला. कर्व्यांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा न झालेल्या मुलांच्या संदर्भात, म्हणजे नियमनाच्या. आम्हाला त्यांचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. मराठी पुरुषाला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी जागा करून दिली. ‘समाजस्वास्थ्य’ला येणाऱ्या पत्रांत पुरुष विचारत होते ते आपल्या दौर्बल्याविषयी, आपल्या वीर्याविषयी, तरुणपणीच्या सवयींविषयी, आणि वैदू, जाहिरातदार, ब्रह्मचर्याचे प्रवचनकार या तिघांनी मिळून त्यांच्या मनात भरवलेली धास्ती कर्वे कोरड्या, काहीशा तिरकस गद्यात उतरवत होते. हस्तमैथुनाने पुरुषत्व जात नाही, हे त्यांनी जितक्या वेळा सांगितले तितक्या वेळा त्या शतकात मराठीत दुसऱ्या कोणी सांगितले नसेल. अशा प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे हरले, दोनशे रुपये दंड भरला आणि मासिक चालूच ठेवले. अजित दळवींच्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकामुळे हा खटला अलीकडच्या प्रेक्षकांना ठाऊक झाला आहे.

कर्वे नग्नतेचेही पुरस्कर्ते होते, आणि मासिकाच्या मुखपृष्ठांवरून त्यांच्यावर जितके शिंतोडे उडाले तितके लेखांवरूनही उडाले नसतील. युरोपातल्या नग्नसंघांची मुळे सूर्यस्नानाच्या वैद्यकात होती हे इथे आठवले पाहिजे. फिन्सेनला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ मध्ये नोबेल मिळाले होते. स्वित्झर्लंडमध्ये रोलिए क्षयाच्या रोग्यांना डोंगरावर उघडे निजवत होता. (विचित्रवीर्य हस्तिनापुराऐवजी लेझँला जन्मला असता तर, हा विचार मनात आला तो आम्ही कंसातच ठेवतो.) त्याच काळात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. एकीकडे सुधारक, दुसरीकडे संस्थानिक; एकाच्या मुखपृष्ठावर वस्त्रहीन आकृती, दुसऱ्याच्या अंगणात लंगोट लावून नमस्कार घालणारी शाळकरी मुले. दोघेही मराठी देहाला उन्हात आणू पाहत होते. मात्र ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने नमस्कारांची वेळ चुकीची होती. उगवत्या सूर्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात, त्यांतला त्वचेला उपयोगी भाग वाटेतच गळतो. ‘कोवळे ऊन’ हे नाव कितीही गोड असले तरी हे जीवनसत्त्व तयार होते ते मुख्यतः टळटळीत दुपारच्या आसपासच्या उन्हात.

कर्व्यांबाबत आणखी एक नोंद हवी. मूल न होऊ देण्याचा निर्णय त्यांनी आणि मालतीबाईंनी घेतला तेव्हा शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी. अपत्य नसण्याचा भार पुरुषाने आपल्या देहावर, उघडपणे घेतल्याचे दुसरे उदाहरण त्या पिढीत शोधून सापडणे कठीण आहे. राज्यसंस्थेला पुरुषबीजाची आठवण झाली ती पुढे, आणीबाणीत. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पुरुषाचे बीज सरकारदरबारी मोजले गेले ते ते तोडण्यासाठी.

कर्वे गेल्यावर ती जागा पुन्हा मोकळी झाली. याचा पुरावा आम्ही साहित्यातूनच देतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात शिकवले आहे. अभिरूप न्यायालयात बेणारेच्या पोटातल्या गर्भावर निकाल देणारा न्यायाधीश काशीकर स्वतः अपत्यहीन आहे. काशीकर दांपत्याने बाळू रोकडेला वाढवले आहे. तो त्यांचा धड मुलगा नाही, धड नोकर नाही. तेंडुलकरांनी ही गोष्ट सहज पेरून ठेवली आहे. सगळे नाटक ‘या मुलाचा बाप कोण?’ या प्रश्नाभोवती फिरते, आणि ‘त्या घरात मूल का नाही?’ हे कोणीच विचारत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही गेली काही वर्षे हा प्रश्न विचारतो. उत्तर नेहमी एकच येते : मिसेस काशीकरांना मूल होत नसेल. संहितेत याला आधार काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

वैद्यक तरी फार निराळे वागले का? १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा जो शोधनिबंध आला, त्याने गडचिरोलीचे नाव जगभर नेले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. गप्प राहिलेल्या दुःखाला आकडा मिळाला, ही त्या कामाची थोरवी. पण गावच्या पुरुषाला कोण तपासणार? तो तर खाली रुग्णालयाच्या पायरीवर बसलेला असे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने, असते हे आज पाठ्यपुस्तकात आहे.

आता ड जीवनसत्त्वाकडे येऊ. १९८९ मध्येच अमेरिकेत क्विचिन्स्की, पेट्री आणि डेलुका यांनी दाखवले की ‘ड’च्या अभावात वाढवलेल्या नर उंदरांची प्रजननक्षमता बरीच घटते. कुंतीच्या सूर्याला प्रयोगशाळेत साक्षीदार मिळाला असे कोणाला वाटले असते. पण १९९२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने पुढचा प्रयोग केला : ‘ड’ न देता उंदरांच्या रक्तातले कॅल्शियम तेवढे पूर्ववत केले, आणि प्रजननक्षमता परतली. म्हणजे सूर्याने जे द्यायचे ते चुन्याच्या हाती दिले होते! ज्या गावाच्या पोटात चुनखडकाचे थर आहेत आणि ज्याच्या पानठेल्यांवर चुना मळून खर्रा घोटला जातो तिथे बसून हे वाचताना आम्हाला हसू आले. अर्थात खर्ऱ्यातल्या चुन्याने कोणाचे बीज सुधारत नाही, आणि त्यातली तंबाखू तर बीजाची वैरीण आहे. २०१० मध्ये डेन्मार्कच्या ब्लोमबर्ग येन्सेन आणि सहकाऱ्यांनी मानवी वृषणात आणि शुक्राणूंतही या जीवनसत्त्वाचे ग्राहक असल्याचे दाखवले. २०११ मध्ये त्यांनी तीनशे पुरुषांच्या पाहणीत ‘ड’ची पातळी आणि शुक्राणूंची चाल यांत मेळ असल्याचे सांगितले. वृत्तपत्रांचे मथळे तेवढ्यावर निघाले. २०१८ मध्ये मात्र त्याच गटाने वंध्यत्वाने त्रस्त ३३० पुरुषांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : अर्ध्यांना ‘ड’ आणि कॅल्शियम, अर्ध्यांना पोकळ गोळ्या, वीर्याच्या गुणवत्तेत फरक पडला नाही. शुक्राणूंची संख्या कमी असलेल्या उपगटात अपत्यप्राप्ती काहीशी अधिक दिसली, पण तेवढ्यावरून कोणी पाटी रंगवू नये.

उन्हाच्या देशात ‘ड’ची तूट का, याचे उत्तर आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. दिल्लीतल्या निरोगी माणसांतही ही तूट असल्याचे २००० मध्येच दाखवले गेले. उघड्यावर राहणारे सैनिक त्यातल्या त्यात बरे होते. गडद त्वचेला अधिक वेळ ऊन लागते, काचेतून उपयोगी किरण येत नाहीत, आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी शहाणा माणूस घरात बसतो. शिवाय उन्हाची दुसरी बाजू आहे. शुक्राणू घडतात ते शरीराच्या इतर तापमानाहून दोन-चार अंश थंड जागी. अति उष्णता त्यांना मारक ठरते. भट्टीपुढे पाळी करणाऱ्या कामगाराला ‘ऊन घ्या’ असे सांगणारा वैद्य अर्धेच शास्त्र सांगत असतो.

आमचे परिचित प्राध्यापक तासाभराने आले. पाट्या दाखवल्यावर त्यांनी एका जोडप्याची हकीकत सांगितली. लग्नाला सात वर्षे. बाईची फाइल दोन बोटे जाड, त्यात तीन गावांच्या दवाखान्यांचे कागद. नवस आणि उपास फाइलीत नव्हते इतकेच. नवऱ्याची तपासणी झाली ती सातव्या वर्षी, एका सकाळी, अर्ध्या तासात. अहवाल एका पानाचा. डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या आणि रक्तात ‘ड’ कमी निघाले म्हणून आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला दिली. घरी आईने विचारले, पुडी कशाची? तो म्हणाला, हाडांची. बायको तिथेच भाकऱ्या थापत होती. ती काही बोलली नाही.